उष्टी हळद

"सदरो काढ मरे! शर्टाक हळद लावतत काय?" आत्याबाई ओरडल्या आणि चाळीतल्या बायका फिदीफिदी हसल्या.

सहदेव पाटावर बसून होता. मे महिना, विक्रोळीची चाळ, दारात मांडव, आणि याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. मी हळदीची वाटी घेऊन समोर उभी. तो शर्ट का काढत नाही, ते त्या घोळक्यात मला एकटीलाच माहीत होतं.

सहदेव माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा शाळेत जायचा. त्याच्या अंगावर जन्मापासून खवले. तळं आटल्यावर तळाच्या चिखलाला भेगा पडतात ना, तशी कातडी. त्याच्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची अशीच होती म्हणतात. उन्हाळ्यात त्याला धड घाम येत नसे. जिवाची तलखी व्हायची, मग पंचा ओला करून डोक्यावर टाकायचा. कारखान्यात पोरं त्याला 'पापलेट' म्हणत. हा म्हणायचा, "अरे, पापलेटचे खवले दिसतात तरी का? रावस म्हणा, निदान भाव तरी येईल!" त्यावर तीच पोरं त्याला चहा पाजायची. स्वतःच्या कातडीवर दुसऱ्यांच्या आधी विनोद करायचा, हे त्याने लहानपणीच ठरवून टाकलं असावं.

लग्न ठरलं मुलुंडच्या रत्नप्रभाशी. बघायला गेलो तेव्हा 'कातडी जरा कोरडी आहे' एवढंच मोठ्यांनी सांगितलं आणि विषय पोह्यांवर नेला.

सहदेवला ते रुचलं नाही. तो एकटाच मोठ्या हॉस्पिटलात कातडीच्या डॉक्टरांकडे गेला. परत आला आणि भावाशी बोलला. पडद्याआड भाजी चिरत मी ऐकत होते. चाळीत न ऐकण्याची सोय नसते.

"दादा, डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येतं, लागत नाही. पण माझं सगळीकडे आहे. खालीसुद्धा. कोरडं पडतं, चिरा जातात, दुखतं. साबण लावू नको, तेल लाव म्हणाले. आणि बायकोला आधी सांग म्हणाले."

आमचे हे हसले. "येडा काय रे तू? लग्न झाल्यावर कोण विचारतो? लाइट बंद असते ना!"

"लाइट बंद असली तरी बायकोला हात असतात ना, दादा."

माझी सुरी थांबली.

दुसऱ्या दिवशी सहदेव माझ्याकडे आला. "वहिनी, मला तिच्याशी बोलायचंय. तू बरोबर ये, नाहीतर तिच्या घरचे सोडणार नाहीत." साडीखरेदीचं निमित्त काढून मी रत्नप्रभाला मुलुंडच्या बागेत आणलं. दोघं एका बाकावर, मी मागच्या बाकावर, हातात शेंगांची पुडी. शेंगा फोडायची हिंमत होईना, आवाज व्हायचा.

त्याने आधी बाही वर केली. मग जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. जे भावाला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. काही गोड केलं नाही, काही लपवलं नाही. "नवरा-बायकोत जे असतं, त्यात मला जपून राहावं लागेल. तुम्हालाही. मूल होण्यात अडचण नाही म्हणतात. पण माझ्या अंगाची उष्टी हळद तुमच्या अंगाला लागणार. त्याआधी तुम्हाला कळायला हवं. नको असेल तर मीच नाही म्हणतो, तुमच्यावर बोल येणार नाही."

रत्नप्रभा त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग विचारलं, "तेल कुठलं लावता?"

"खोबरेल."

"थंडीत गोठतं ते," ती म्हणाली, पदर सावरला आणि उठली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मोठ्यांची लग्नाची तयारी चालूच राहिली, पण तिच्याकडून एक शब्द आला नाही.

म्हणून तो शर्ट निघत नव्हता. हळद लावून घ्यायची, ती मुलुंडला जायची, आणि तिथून कोणी परत पाठवली तर?

"सहदेव," मी म्हटलं, "तुझं सांगून झालंय. आता लपवतोस कोणाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग एकेक बटण काढून शर्ट माझ्या हातात दिला. मोठा झाल्यापासून हातांपलीकडे त्याचं अंग कोणी बघितलं नव्हतं. बायकांचं हसू मिटलं. आत्याबाईंनी आंब्याच्या पानासकट हात मागे घेतला. माझ्या कानात म्हणाल्या, "ह्या काय गो? आता मुलुंडाक ताजी हळद धाड. कोणाक कळतला?"

मी हळदीत खोबरेल ओतलं, सढळ हाताने, कोरडी हळद त्याची कातडी ओढेल म्हणून. पान फेकलं आणि बोटांनी लावली. कपाळाला, खांद्यांना, पाठीला. तो ताठ बसून होता. त्याच्या अंगावरून उरलेली हळद वाटीत निपटली आणि ती वाटी घेऊन मी स्वतः निघाले.

मुलुंडला रत्नप्रभा पिवळ्या साडीत पाटावर बसली होती. तिच्या मावशीने वाटी दारातच घेतली. "ठेवते तुळशीपाशी. आमची घरची वाटलेली आहे हो, तीच लावू."

"मावशी, ती इकडे दे," रत्नप्रभा म्हणाली.

"अगं, मुलाचा हात बघितलायस ना तू?"

"हात बघितलाय, बाकीचं ऐकलंय. दे."

तिने वाटी ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने दोन्ही गालांना हळद फासली. मग बोटं एकमेकांवर चोळून बघितली. तेल जाणवलं असावं, कारण माझ्याकडे बघून हसली.

आमच्यात वाटी रिकामी परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. रत्नप्रभा आत गेली, वाटी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. रस्त्यात मी गाठ सोडली नाही. एवढी मोठी बाई मी, पण धीर झाला नाही.

घरी सहदेव तसाच पाटावर होता, उघडा, हळद वाळून तडकलेली. आत्याबाई त्याला पंख्याने वारा घालत होत्या. मी वाटी त्याच्यापुढे ठेवली. त्याने गाठ सोडली. आत साखर होती, आणि साखरेत रोवलेली एक छोटी बाटली. त्याने बूच काढून वास घेतला.

"तिळाचं आहे," तो म्हणाला. "हे थंडीत गोठत नाही, वहिनी."

बाहेर मे महिना भाजून काढत होता. मी त्याचा शर्ट पुढे केला. त्याने तो खुंटीवर लावून ठेवला आणि तसाच, उघड्या पिवळ्या अंगाने, मांडवात येणाऱ्याजाणाऱ्यांना 'या' म्हणायला दारात जाऊन उभा राहिला.