चिंचेखालचं सरबत

सत्यभामेने अर्धं लिंबू मुठीत दाबलं, बिया बोटांनी अडवल्या आणि रस रांजणात सोडला. गुळाचं पाणी आधीच कालवलेलं होतं. वर काळं मीठ टाकून तिने पळीने ढवळलं आणि तळहातावर घेऊन चाखलं. असं सरबत उभ्या जत्रेत दुसऱ्या कुणाला साधणार नव्हतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

वर्धेच्या काठची ही चैताची जत्रा. वाळूत लाह्या फुटाव्यात असं ऊन, आणि यंदा लोकांच्या कनवटीला पैसाही खुळखुळत होता. दूर कुठे समुद्रापार गोऱ्यांच्या मुलखात लढाई पेटली होती म्हणे, आणि इथे वऱ्हाडात कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. काल ज्याच्या घरी धड खाट नव्हती, तो आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवून जत्रेला आला होता.

या कापसानेच सत्यभामेच्या जिवाला घोर लावला होता. नवरा शेषराव मागच्या आषाढात पटकीने गेला. मागे राहिली ती मळ्यातली लिंबोणीची अकरा झाडं, त्याने पोटच्या पोरांसारखी वाढवलेली. धाकटा दीर किसनराव ती तोडून तिथे कापूस पेरायचं म्हणत होता. वहिनीने आमच्या चुलीवर जेवावं, तिला काही कमी पडू देणार नाही, असंही म्हणत होता. माणूस वाईट नव्हता. पण कापसापुढे तेव्हा कुणाला काय दिसत होतं! सत्यभामा हटून बसली. लिंबांचं सरबत विकून पोट भरून दाखवते, म्हणाली. जत्रेत धंदा झाला तर झाडं राहतील, नाही तर नाही, असं शेवटी दोघांत ठरलं.

जागा तिने फार विचार न करता धरली, चिंचेखालची. बारा वर्षं दर चैतात शेषराव तिथेच पाणपोई घालून बसे आणि येईल त्याच्या ओंजळीत गार पाणी ओती, फुकट. सावली ओळखीची होती, रांजण बसवायचा खड्डाही तयार होता. नेमकी तिथेच ती फसली.

समोर अमरावतीच्या एका हलवायाने पळसाच्या द्रोणांत मिठाई मांडली होती. त्याच्याकडे लोक आधी पैसा टाकत, मग द्रोण उचलत. सत्यभामेकडे येणारा मात्र वाकून सरळ ओंजळ धरी. ओंजळ पुढे आली की तिचा तांब्या आपोआप कलता होई. पिणारा ओल्या हातांनी तोंड पुसून "शेषरावले पोचो" म्हणे, पाणी पाजल्याचं पुण्य गेलेल्याला मिळो म्हणून, आणि चालता होई. गोड लागलं म्हणून काही जण पोराबाळांना घेऊन पुन्हा आले. फुकटचं आणि वर गोड, कोण सोडतो?

शेजारी फुलं विकणाऱ्या सुभद्रेला ते पाहवेना.

"कावून गप बसली व? पैसे माग न," ती म्हणाली.

सत्यभामेने मान हलवली. पुढच्याला मागायचंच, असं तिने ठरवलं. पुढचा आला तो शालिकराम, घाटाखालच्या गावचा म्हातारा. बारा वर्षांत त्याने एकही जत्रा चुकवली नव्हती. पाणी गोड लागताच तो थबकला. हात झटकून त्याने कनवटी चाचपली.

"विकतचं हाय का हे, बाई? का शेषरावच्या नावाचं?"

सुभद्रेने डोळ्यांनी खुणावलं. सत्यभामेच्या ओठांवर उत्तर आलेलं होतं, सकाळपासून घोकलेलं. तिने म्हाताऱ्याच्या ओल्या हातांकडे पाहिलं.

"नावाचंच हाय, बाबा. घ्या अजून."

सुभद्रेने कपाळाला हात लावला. सत्यभामेला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. पण शब्द गेला तो गेला. त्यानंतर तिने कुणाकडे काही मागितलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा किसनराव आला. दुपारपासून तो बैलगाड्यांच्या आडून पाहत होता. हलवायाकडचा एक रिकामा द्रोण त्याने आणला होता, तो त्याने पुढे केला. सत्यभामेने भरला. तो सावकाश प्याला आणि रांजणाच्या झाकणावर त्याने एक पैसा ठेवला. दिवसभरातला तो पहिला.

"विकतचंच घेतलं म्या," तो खाली पाहत म्हणाला.

सत्यभामेने पैसा उचलला आणि त्याच्या हातात परत ठेवला.

"ओंजळ करा, भाऊजी."

किसनराव घुटमळला. मग द्रोण टाकून तो वाकला आणि त्याने दोन्ही हात जोडून पुढे केले. तळाचं उरलेलं सरबत तिने त्याच्या ओंजळीत ओतलं. तो प्याला, तोंड पुसलं, आणि जे सगळे म्हणत होते तेच त्याच्याही तोंडून निघालं.

"दादाले पोचो."

सत्यभामेने रिकामा तांब्या पालथा घातला. मग ती म्हणाली,

"झाडं तोडा तुमी. पन परवा. उद्या जत्रा हाय अजून, लिंबं लागतीन."