बाबांचा आवाज माझ्यापाशी आहे

मी एक हार्ड डिस्क. कपाटातून बोलतेय, तेव्हा आवाज जरा दबका वाटला तर समजून घ्या. कपाट धाकटीचं आहे. धाकटी म्हणजे दोन बहिणींतली लहान. माझी मालकी मात्र थोरलीची, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असायची, का तर माझ्या पोटात धुळीचा कण जाऊ नये. इतकी निगा पुढे कुणी राखली नाही. तिथून दुकानात आले. मग एके दिवशी थोरली आली आणि माझ्यासारख्याच आणखी एकीसकट मला घेऊन गेली. आम्ही जुळ्याच म्हणा ना.

थोरलीच्या घरी तेव्हा जिन्याखाली एक सर्व्हर होता. तिच्या नवऱ्याने हौसेने जुळवलेला. घरातले सगळे फोटो, गाणी, जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेले व्हिडिओ, सगळं त्याच्या पोटात. दिवसभर पंखे घरघरायचे आणि तिथे इतकी ऊब असायची की मांजर हलायचं नाव घेत नसे. पण त्या यंत्राची भाषा कळायची एकट्या नवऱ्याला. तो कामासाठी परगावी गेला की यंत्र हमखास रुसायचं. मग तो फोनवरून सूचना द्यायचा आणि थोरली जिन्याखाली वाकून कपाळाला हात लावायची. साधा एक फोटो बघायचा तर ही तऱ्हा.

थोरलीची लाँड्री आहे. एकदा ती वैतागून म्हणाली, "हे बघ, माणसाला कपड्यांचे दोन जोड लागतात. एक अंगावर, एक दोरीवर. फोटोंचंही तसंच करू या. एक डिस्क आपल्याकडे, एक धाकटीकडे. तुझं हे धूड उचल आता."

सगळं आम्हा दोघींच्या पोटात आलं आणि धूड उचललं गेलं. नवऱ्याने तोंड वाकडं केलं, पण करतो काय. सर्व्हर गेला तरी एखादा नियम आपला असावा असं त्याला वाटलं असणार. त्याने धाकटीला बजावलं, "ही फक्त आमच्या कॉम्प्युटरला लावायची. दुसरीकडे लावलीस तर सगळं पुसलं जाईल."

हे धादांत खोटं आहे. मला कुठेही लावा, माझ्यातलं काही पुसलं जात नाही. पण मला विचारतंय कोण?

तरी ते दिवस सुखाचे होते. दर महिन्याला बहिणी भेटायच्या आणि अदलाबदल करायच्या. परत आलेल्या डिस्कवर थोरली नवे फोटो चढवायची, दुसरी धाकटीच्या पर्समध्ये जायची. आमचं फक्त निमित्त. खरं काम गप्पांचं, आणि त्यातल्या निम्म्या नवऱ्यांची टिंगल करण्यात जायच्या. मी पर्समध्ये पडून ऐकायचे.

माझ्या पोटात सर्वांत जास्त जागा अडवलीय बाबांनी. बाबा म्हणजे या दोघींचे वडील. तलावावर मुलांना पोहायला शिकवायचे. व्हिडिओत ते फारसे दिसत नाहीत, कॅमेरा पाण्याकडे असतो. पण आवाज सगळीकडे त्यांचाच. "अगं पाय मार, पाय. पाण्याला गुदगुल्या करू नकोस."

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजतं सगळं, बोलता मात्र येत नाही. थोरलीचं म्हणणं, त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवू, तिथे नर्स असतात. धाकटी म्हणाली, माझ्या घरी राहतील. शब्दाला शब्द लागला. "तुला बाबा जड झालेत," असं धाकटी बोलून गेली आणि थोरलीने येणं सोडलं. अदलाबदल थांबली. तेव्हा नेमकी मी धाकटीकडे होते. तिथेच अडकले.

बंद कपाटात काय असतं सांगू? काही नसतं. माझा जन्म फिरण्यासाठी. नुसतं पडून राहिलं की आतले सांधे धरतात, आणि एखाद दिवशी वीज मिळूनही उठता येत नाही. मला त्याची फार भीती वाटते. त्यात बाबा धाकटीकडेच राहायला आले, आणि कपाट त्यांच्याच खोलीत. त्यांचा आवाज माझ्यापाशी, आणि ते हातभर अंतरावर मुके.

त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात. त्या एकदा धाकटीला म्हणाल्या, "हल्ली हे प्रयत्नच सोडायला लागलेत. यांचं जुनं बोलणं रेकॉर्ड केलेलं असेल तर ऐकवा. स्वतःची लय कानावर पडली की धीर येतो माणसाला."

धाकटीने मानापमान गिळून फोन लावला. "ताई, तलावावरचे व्हिडिओ पाठव ना गं. बाबांसाठी हवेत."

"बघते," थोरली म्हणाली. व्हिडिओ काही आले नाहीत.

"अजून राग धरून बसलीय," धाकटी बाबांना म्हणाली.

राग नव्हता तो. धाकटी औषधं आणायला गेल्याचं बघून एका दुपारी थोरली आली. किल्ली आहे तिच्याकडे. बाबांच्या उशाशी बसून तिने मन मोकळं केलं. "बाबा, आमच्याकडची डिस्क टेबलावरून पडली हो. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. आता उरली ती इथलीच. पण धाकटीला कुठल्या तोंडाने सांगू? म्हणेल, ताईला बाबाही सांभाळता आले नाहीत आणि डिस्कही." सांगायला तिने माणूस निवडला तो असा, जो कुणाला सांगू शकत नाही. बाबांनी डावा हात कपाटाकडे केला. तिने तोच हात हातात घेतला, डोळ्यांना लावला आणि निघून गेली.

धाकटी परत आली तेव्हा हात पुन्हा कपाटाकडे. "थंडी वाजतेय?" तिने माझ्यावरचं पांघरूण काढून त्यांना घातलं आणि दार लावलं. बाबांनी पांघरूण ढकललं, पुन्हा बोट दाखवलं. दुसरं आलं. मग रजई आली. बाबा घामाघूम झाले, तरी बोट तसंच.

"आता काही उरलं नाही हो बाबा," असं म्हणत तिने दोन्ही दारं सताड उघडून दाखवली. कप्प्यात एकटी मी होते.

तिने मला हातात घेतलं. "ही?" बाबांनी मान डोलावली. "पण ही लावली तर पुसली जाईल. ताईकडे दुसरी आहे की." बाबांनी जोरजोरात मान नकारार्थी हलवली. धाकटीने विचारलं, "ताईकडची गेली?"

होकार मिळाल्यावर ती म्हणाली, "बिचारी. म्हणून पाठवत नव्हती होय. मी नाही हो तिला बोलणार काही. मला कळलंय हेसुद्धा कळू द्यायचं नाही."

आणि तिने मला मऊ कपड्यात गुंडाळलं, कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं. एकुलती एक उरले ना मी. तिने जपलं, मायेनेच जपलं. पण इथे आधीच्या कप्प्याहूनही जास्त काळोख आहे.

तुमच्यापैकी कुणाची या दोघींशी ओळख असेल, तर धाकटीला सांगा की मला जोडायची केबल तुझ्याच खणात आहे, मला तुझ्या लॅपटॉपला लाव, काही पुसलं जाणार नाही. आणि थोरलीला सांगा की धाकटीला सगळं ठाऊक आहे आणि ती रागावलेली नाही. पण जरा लवकर सांगा. बाबांनी आता बोट दाखवणं सोडलंय.