एक, दोन, तीन, चार

मुलं तिला मासोळीताई म्हणत. तरणतलावाच्या उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती पाच-सहा वर्षांच्या मुलांना पोहायला शिकवायची. पोटाखाली तळहात, तोंड पाण्यात, आणि मोजायचं: एक, दोन, तीन, चार. चारला मान वळवून श्वास. अकरा वर्षं हेच.

सुट्टीत तिनं ध्यानाचा झटपट वर्ग केला. ज्या खोल समाधीसाठी भिक्खू वर्षानुवर्षं बसतात, ती इथं सात दिवसांत. मन बुडू लागलं की कानातल्या यंत्रात मंद सूर वाजायचा. श्वासाला ओळखीचं काहीतरी जोडा, असं सांगितल्यावर तिनं आपले चार आकडेच जोडले. ते हाडीमाशी मुरलेले होते. चौथ्याच दिवशी ती समाधीत बुडाली, सगळ्यांच्या आधी.

कामावर परतल्यावर तिनं वर्गातल्या सगळ्यात लहान मुलीच्या, पिटुकलीच्या, पोटाखाली हात धरला, मोजू लागली, आणि तीननंतर पाणी, आवाज, हात, सगळंच नाहीसं झालं. भानावर आली तेव्हा पिटुकली तिच्या दंडाला लटकून खोकत होती.

"किती हाका मारल्या, ताई. तू ऐकेचना."

मग तिनं आकडे सोडून शिट्टी घेतली, तर मुलंच मोठ्यानं मोजायला लागली. घरी जिना चढतानाही मनात आकडे यायचे आणि ती कठड्याला धरून उभीच राहायची. वर्गाच्या गुरुजींना फोन केला, तर ते म्हणाले की ही प्रगतीच आहे, पुढचा टप्पा करून टाका.

शेवटी तिनं थोरल्या बहिणीला सांगितलं. तलावाची व्यवस्था तीच बघायची. सात दिवसांत निर्वाण, तेही घरपोच, असं म्हणून ती आधी हसली. मग पिटुकलीचं ऐकलं आणि तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"किती दिवस राहील हे?"

"त्यांनाही माहीत नाही, अक्का. आत कसं जायचं एवढंच शिकवतात. माझ्याकडून पोरं काढून घे."

दुसऱ्या दिवसापासून तिला काचेमागच्या तिकीटखिडकीवर बसवलं. तिथं आवाज येत नव्हता. पण पलीकडे नवा शिक्षक पाण्यात उभा होता आणि काठावरच्या बारा मुलांचे ओठ एकदमच हलत होते. तिनं खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. छातीत श्वास आपला आत-बाहेर चाललाच होता: एक, दोन, तीन.