सोजरबाईच्या डब्यामागं

आमच्या बैठकीचा एक नियम आहे. आधी चूक, मग चहा. दुधनी, कुंभारी, श्रीपूर अशा ठिकाणी अन्यायाविरुद्ध काम करणारे आम्ही आठ-नऊ जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी सोलापुरात एका माडीवरच्या खोलीत जमतो. प्रत्येकानं महिनाभरात आपण कुठं चुकलो ते सांगायचं. जिंकलेलं सांगायला बंदी नाही, पण ते चहानंतर. आणि चहा झाला की सगळ्यांना एसटीची घाई असते.

नियम बिबीजान आपांचा. साठी ओलांडलेली बाई, मोहल्ल्यातली भांडणं मिटवण्यात जन्म गेला. मी दुर्गा. सातवीपर्यंत शिकले, विड्या वळल्या, लोकांचे अर्ज नकलून अर्ज लिहायला शिकले. माझी भिस्त कागदावर. तीन प्रती काढायच्या, एकीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्यायचा. आपांचं ते मिटवणं मला मनातून पटत नसे. मारणाऱ्याला चहा कशाला पाजायचा, असं मी एकदा तोंडावर बोलले होते. "थंड पाजते गं," त्या म्हणाल्या होत्या.

त्या रविवारी मी चूक न घेताच गेले. पिशवीत शिक्क्याचा कागद होता.

कुंभारीच्या पुढच्या एका गावात, नाव लिहीत नाही, सोजरबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. दलित वस्तीतली. चार वर्षं कुणाला काही वाटलं नाही. जूनमध्ये चार घरच्या पोरांनी डबे आणायला सुरुवात केली, मग चाळीस घरच्या. आईबापांनी सांगितलं होतं, तिच्या हातचं खायचं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका, वातावरण बिघडतंय." वातावरण तेवढं त्यांना दिसलं. मला कळलं त्याच दिवशी मी तक्रार लिहिली, चार पानी. सोजरबाईनं मी बोट ठेवलं तिथं सही केली.

हे सगळं मी बैठकीत जरा रंगवूनच सांगितलं. आपांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सध्या ती पीठ कुठनं आणते?"

"सोलापूरहून. गावातला गिरणीवाला दळून देईना. दूधही बंद केलंय."

"तक्रार द्यायच्या आधी तिला सांगितलं होतंस, असं असं होईल म्हणून?"

"अन्याय झाला होता आपा. त्यात विचारायचं काय?"

श्रीपूरला ऊसतोड्यांचं काम बघणारा येडू चहाचं पातेलं उघडत होता, त्यानं ते परत झाकलं. माझी चूक सापडली होती.

मग आपांनी त्यांची सांगितली. आम्हाला सगळ्यांना माहीत असलेली, अकरा वर्षांपूर्वीची. शाइस्ता नावाची पोरगी सासरचा मार खाऊन माहेरी आली होती. आपांनी दोन्ही घरं एकत्र बसवली, वीस माणसांसमोर सासऱ्यानं शब्द दिला, सगळे जेवले, पोरगी नांदायला गेली. चौथ्या महिन्यात विहिरीत सापडली.

"तिला बाजूला घेऊन विचारलं नाही मी," आपा म्हणाल्या. "सुलह झाली याची खुशी मलाच जास्त होती." मग पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "उद्या मी येते तुझ्याबरोबर. घरात ज्वारी आहे ना? डब्यात भर."

सोमवारी सकाळी आम्ही दोघी दळणाचे डबे घेऊन बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, सोलापुरातल्या गिरण्या बंद पडल्या का?"

"पडल्या की बाबा, कवाच," आपा म्हणाल्या आणि खिडकीकडची जागा धरली.

गिरणीत डब्यांची रांग असते. माणूस घरी गेलं तरी डबा आपली जागा धरून असतो, आणि कुणाचा डबा कुणी हलवत नाही. सोजरबाईचा मात्र हलवला जायचा. त्याचं कारणही गिरणीतच होतं. एकाचं दळण संपलं तरी मूठभर पीठ आत जात्याला राहतं, ते पुढच्याच्या पिठात येतं. म्हणून तिच्यामागं डबा लावायला कुणी तयार नव्हतं.

गिरणीवाला बिरप्पा पिठानं पांढरा झालेला, भुवयासुद्धा. सोजरबाईला आमच्याबरोबर डबा घेऊन आलेली बघून म्हणाला, "लाईट न्हाय." मोटर घरघरत होती.

"बसते की," आपा म्हणाल्या. त्यांनी सोजरबाईचा डबा रांगेत ठेवला, मागं आपला ठेवला, आणि पोत्यावर बसल्या. मी माझा डबा आपांच्या मागं सरकवला. सोजरबाई दाराशी उभीच राहिली.

तासाभरात मागून सहा-सात बायका आल्या. माझ्या डब्यापाशी आल्या की थबकायच्या. रांग तिथंच तुटली होती. कुणी घरी जाईना, कुणी डबा लावीना. माझी जीभ वळवळत होती. हे कलमात बसतं, साक्षीदार इथंच आहेत, पंचनामा करून घ्यावा. आपा मात्र बायकांशी ज्वारीबद्दल बोलत होत्या. दगडी कुठली, मालदांडी कुठली, भाकरी कुणाची चिरते.

पुढचे डबे संपले. बिरप्पा हात झटकत आपांपुढं आला.

"मावशी, मी काय वाईट माणूस न्हाय. आत्ता दळून देतो. पर त्या बाईला सांगा, कागद मागं घ्या म्हणावं. दूधबी चालू हुईल, मी बोलतो गावात. मिटवून टाकू."

आपांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. जन्मभर हेच तर ऐकायला त्या बसलेल्या. तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मग त्या माझ्याकडं वळल्या. "दुर्गे, तू विचार तिला. मला भ्या वाटतं."

माझा हात पिशवीतल्या कागदावर होता. सोजरबाई मागं घ्या म्हणाली असती तर मी तो घेतला असता का? खरं सांगायचं तर ठाऊक नाही. मी उठून सोजरबाईला बाहेर लिंबाखाली नेलं. इतक्या दिवसांत आम्ही दोघीच अशा कधी उभ्या राहिलो नव्हतो.

"सोजरबाई, मी तुला न विचारता लिहिलं. चुकले. आता तू सांग, तुला काय पाहिजे?"

तिनं डोक्यावरचा पदर नीट ओढला. मग म्हणाली, "ताई, पीठ काय, मी डोक्यावर सोलापूरहून आनीन. मला माजी चूल पायजे. पोरं ताट घिऊन परत यायची, आजून वाढ म्हनायची. त्यास्नी कुनी सांगितलं खाऊ नका, ते समद्यांम्होरं येऊ द्या. कागद ऱ्हाऊ द्या." वर म्हणाली, "पर आता लिवशीला तर आदी मला वाचून दाव. थोरला म्हनला, त्यात माज्या धाकट्याचं नाव चुकलंय."

चार पानांत मी कलमं सगळी बरोबर लिहिली होती.

आम्ही आत आलो. आपांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना कळलं. त्या बिरप्पाला शांतपणे म्हणाल्या, "कागद राहणार. चूल मिळंपर्यंत. दळण तू दे नाहीतर देऊ नको. मी उद्या येते, परवा येते. तुझी लाईट येईल तवर."

बिरप्पा कपाळाचं पीठ पुसत राहिला. रिकामी मोटर फिरत होती. मागच्या बायकांत चंद्रव्वा म्हणून होती. तिचा नातू शाळेत घरचा डबा नेणाऱ्या पहिल्या चार पोरांतला, हे सोजरबाईनं मला नंतर सांगितलं. तिनं आपला डबा उचलला, माझ्या डब्यामागं आदळला आणि कुणाकडं न बघता म्हणाली, "दळ की रं. घरी सैपाक पडलाय. किती येळ थांबायचं मानसानं?"

बिरप्पानं सोजरबाईचा डबा उचलला.

ज्वारी आत पडली तेव्हा सोजरबाई दारातून दोन पावलं आत आली होती. तिचं झालं, मग आपांचं, मग माझं. चंद्रव्वाच्या मागं अजून कुणी लागलं नव्हतं. शाळेच्या चुलीवर अजून दुसरीच बाई होती. तक्रारीच्या सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात होती. मी पिशवीतून कागद काढला, पिठाच्या हातानंच, आणि सोजरबाईशेजारी पोत्यावर बसून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.