तेविसावी खेळी

"तूं स्टूल नीट धर. उगा बोलूं नको," गोपालकृष्ण राव वरून घरच्या तंजावरी मराठीत म्हणाले. ते हॉलच्या भिंतीवरची चौकट खिळ्यावरून काढत होते.

"मी काय बोललें? इतकेंच कीं तो पोर आज आपणच येणार. त्याचे समोर हें कसाला नेतां?" त्यांच्या पत्नी गायत्रीबाईंनी स्टूल आणखी घट्ट धरलं.

"स्वामीनाथ ऐकत नाहीं. मंचावर ठेवणार म्हणतो."

चौकटीत देव नव्हता, पूर्वजही नव्हते. बारा वर्षांपूर्वी चेन्नईच्या एका खुल्या बुद्धिबळ स्पर्धेतल्या डावाचा नोंदकागद होता. गोपालकृष्ण, विमा कचेरीतले कारकून, कुंभकोणम; विरुद्ध फाम थिएन, व्हिएतनाम, वय वर्षं आठ. निकाल एक-शून्य. खाली दोघांच्या सह्या, आणि थिएनच्या सहीवर शाई पसरलेला एक डाग. तो कशाचा, असं कुणी विचारलं की गोपालकृष्ण "कॉफी" म्हणत. कॉफीच्या गावी, कुंभकोणममध्ये, या उत्तरावर कुणी शंका घेत नाही.

पुढे थिएन बाराव्या वर्षी इंटरनॅशनल मास्टर झाला, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर. त्याचं रेटिंग जसं चढे तसा इकडे गोपालकृष्णांचा भाव चढे. त्यानं युरोपात एखादी स्पर्धा मारली की कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात यांना बसायला खुर्ची मिळे. बाकीचं गाव उभ्यानं पीत असे. गोपालकृष्ण स्वतः त्यानंतर कुठे काही जिंकले का, ही चौकशी कधी कुणी केली नाही.

खरी गोष्ट फक्त गायत्रीबाईंना ठाऊक होती. त्या डावात यांचा वजीर केव्हाच गेला होता. थिएननं तेविसावी खेळी केली आणि घड्याळाची कळ दाबायला विसरला. कळ दाबली नाही की घड्याळ आपलंच चालू राहतं; वेळ त्याचाच संपत चालला. अशा वेळी समोरच्याला आठवण करून द्यावी असा काही नियम नाही. गोपालकृष्णांनी कपाळाला हात लावला आणि तब्बल बावीस मिनिटं गहन विचाराचं सोंग केलं. ते पोर टेबलावर हनुवटी टेकून मोठ्या आदरानं त्यांच्याकडे बघत बसलं होतं. वेळ संपल्यावर यांनी पंचाला हाक मारली. मुलानं रडत रडत सही केली.

साक्कोट्टै रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात थिएन आज एकाच वेळी तीस जणांशी खेळणार होता. बुद्धिबळ संघाचा चिटणीस स्वामीनाथ भांड्यांचा व्यापारी. त्यानं पाहुण्याला द्यायला समया घडवणाऱ्या नाचियार्कोविल गावाहून कमरेएवढी पितळी समई आणवली होती. चौदा किलोंची समई विमानात कशी जाणार, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तिच्याशेजारी ती चौकट ठेवून त्यानं वर मोगऱ्याचा हार घातला होता. त्यामुळे गोपालकृष्ण नुकतेच वारले असावेत असं वाटत होतं.

गोपालकृष्णांचा पट सतरावा. अशा खेळात घड्याळ नसतं, एवढाच त्यांना दिलासा होता. थिएन आता उंच, किडकिडीत तरुण झाला होता. एकेका पटावर क्षणभर थांबत तो सतराव्यापाशी आला. खेळी केली आणि पटाशेजारच्या रिकाम्या टेबलावर बोटानं हळूच टिचकी मारली, कळ दाबावी तशी. मग किंचित हसून पुढे गेला.

याला सगळं आठवतंय, हे गोपालकृष्णांनी ओळखलं. पुढच्या प्रत्येक फेरीला तीच टिचकी. "ग्रँडमास्टरची लकब दिसते," शेजारचा खेळाडू तमिळमध्ये कुजबुजला. विसाव्या खेळीला गोपालकृष्णांनी हार मानून राजा आडवा केला.

सगळे डाव आटोपल्यावर स्वामीनाथ माइकवर तमिळमध्ये गरजला, "यांनी या ग्रँडमास्टरना एकदा हरवलंय! सर, दोन शब्द बोला."

गोपालकृष्णांना क्षणभर ती दुकानातली खुर्ची आठवली. मग त्यांनी माइक घेतला.

"मी जिंकलो नव्हतो. हा लहान होता, घड्याळ दाबायला विसरला. मला दिसत होतं. मी गप्प बसलो."



"सर, नियमात बसतं ना ते?" स्वामीनाथनं माइकवर हात ठेवून विचारलं.

"बसतं."

"मग सांगितलंत कशाला?"

गोपालकृष्णांनी हार बाजूला केला आणि चौकट उघडून कागद बाहेर काढला. एक-शून्य खोडून शून्य-एक लिहिलं आणि सही केली. दुरुस्तीला दोघांच्याही सह्या लागतात, म्हणून पेन थिएनपुढे धरलं. एवढा मोठा खेळाडू आता हसून नको म्हणेल, असं सगळ्यांना वाटलं. थिएननं पेन घेतलं, झटकन सही केली आणि शाई वाळावी म्हणून वर फुंकरही मारली. समोर आलेला गुण सोडणाऱ्यातला असता तर तो ग्रँडमास्टर झालाच नसता.

"थँक यू, सर," तो इंग्रजीत म्हणाला, "त्या दिवसानंतर मी कळ दाबायला एकदाही विसरलो नाही."

गोपालकृष्णांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. बारा वर्षांनी त्यांना हलकं वाटत होतं.

कॉफीच्या दुकानात आता ते उभ्यानंच पितात. चौकट मात्र गायत्रीबाईंनी स्वतः स्टुलावर चढून पुन्हा त्याच खिळ्याला लावली. परवा तंजावरहून बाईंचा भाचा मुरली आला होता. तो बराच वेळ चौकटीपुढे उभा राहिला.

"काका, हरलांत तो कागद कसाला टांगलांत? आणि हा डाग? काफी सांडली काय?"

"नाहीं रे," गोपालकृष्ण म्हणाले. "आठ वर्षांचें लेंकरूं होतें. रडलें."