मोठ्या नंबरचा पंखा

मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून वारा घालणारा नव्हे, बोटीच्या इंजिनाला लागून पाण्यात फिरणारा. तीन पाती, अंग स्टीलचं आणि मधल्या बोंडावर कोरलेला नंबर, एकवीस. मित्रांनो, या एका नंबरापायी माझ्या आयुष्याचं मातेरं झालं, तेव्हा तो काय असतो ते आधी सांगून टाकतो. एका फेरीत पंख्याने पाण्यातून जितके इंच पुढे सरकावं, तितका त्याचा नंबर. यापलीकडे त्यात काही थोरवी नाही. पण माणसांना मोठा तो चांगला असं वाटतं, त्याला मी काय करणार?

मला साच्यात ओतलं, घासलं, मग तोलून बघितलं. एक पातं किंचित जड भरलं, ते पुन्हा घासून बाकीच्यांच्या बरोबरीला आणलं. इतकी निगुतीने केलेली वस्तू होतो मी. माझ्या खोक्यावर ठळक छापलं होतं, ‘हलक्या बोटींसाठी’. ते खोकं पुढे ज्या घरात गेलं तिथे त्यात कांदे ठेवले. छापलेलं कुणी वाचलं असेल तर शप्पथ.

मला विकत घेतलं ते एका बोटवाल्याने. नदीच्या दोन्ही काठांमध्ये माणसं आणि सामान ने-आण करायची त्याची बोट होती. बारा माणसं, त्यांच्या पिशव्या, एखादी सायकल, सिमेंटच्या चार गोण्या. अशा लादलेल्या बोटीला सतरा नंबरचा एक कळकट पंखा होता आणि तो मुकाट्याने काम करत होता. पण बोटवाल्याच्या मनात भरलो मी. दुकानदार म्हणाला, “मोठा नंबर आहे. कमी फेऱ्यांत जास्त अंतर, म्हणजे पेट्रोल वाचणारच.” हिशेब ऐकायला किती गोड, नाही का? अर्धवट खरं नेहमीच गोड लागतं.

बोटवाल्याचा धाकटा भाऊ इंजिनांचा मिस्त्री. त्या आठवड्यात तो दूरच्या गावी कामाला गेला होता. मी घरी आल्याची बातमी फोनवर ऐकून त्याने विचारलं, “दादा, किती नंबरचा आणलास?”

“एकवीस.”

“आपल्याला सतराच लागतो.”

“अरे, माणसाने पुढे जायचं की मागे?”

“चपलेचा नंबरसुद्धा पाय बघून घेतात, दादा. निदान बोट पूर्ण भरून पळवून बघ. इंजिनाच्या मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्या काट्यावर आल्या तरच ठेव. काटा खाली राहिला तर इंजिन गुदमरेल आणि पेट्रोल ढोसेल.”

यापेक्षा सोपं करून कुणी सांगावं? पण धाकट्याने सांगितलेलं थोरल्याच्या कानात कधी शिरतं का?

घाई कशाची होती, तेही सांगतो. बोटवाल्याची मुलगी तिकिटाच्या खिडकीत बसायची. एका हाताने तिकिटं फाडायची, दुसऱ्या हाताने पुस्तकाचं पान धरायची. सोमवारी पलीकडच्या काठावर तिची नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. त्याआधी दोनदा तिची जागा थोडक्यात हुकली होती. बापाला वाटलं, पोरीला नव्या पंख्यावर ऐटीत पोचवावं. प्रेम होतं हो, ते मी नाकारत नाही. प्रेमापोटी केलेल्या चुकाच जास्त महागात पडतात, कारण त्यांना कुणी अडवत नाही.

रविवारी सकाळी त्याने मला बसवलं आणि एकटाच बोटीत चढला. ना माणूस, ना गोणी. काय पळालो आम्ही! काटा सरळ साडेपाच हजारावर. धक्क्यावरच्या लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, चहावाल्याने त्या दिवशी फुकट चहा पाजला. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच, एका सकाळपुरतं. बोटवाल्याने भावाला फोन केला, “आल्या बरं का साडेपाच हजार.” खोटं बोलला नाही. बोट रिकामी होती एवढंच सांगितलं नाही, आणि भावानेही विचारलं नाही.

सोमवारी बोट काठोकाठ भरली. टाकीत निम्मं पेट्रोल होतं. जुन्या पंख्यावर तेवढ्यात पलीकडे पोचून वर थोडं उरायचं. जादा पेट्रोलचा कॅन रोज बोटीत असे, तोही बोटवाल्याने धक्क्यावर उतरवला. म्हणाला, आता वाचतंय, कशाला ओझं? त्या जागी आणखी एक माणूस बसवला.

निघालो आणि मला कळून चुकलं. ओझ्याने बोटीची शेपूट पाण्यात बसली, नाक आभाळाकडे गेलं. रविवारी पाण्यावरून सरसर गेलेली बोट आज पाणी नांगरत चालली होती. एवढं ओझं ढकलून वर मला फिरवायचं म्हणजे इंजिनाचा जीव कंठाशी येत होता. काटा चार हजारांच्या वर सरकेना. मी काय करणार? मी माझ्या आकाराने फिरतो, मला लहान होता येत नाही.

एक म्हातारी मागून म्हणाली, “हळू चल रे, हळू गेलास तर पोचशील.” अगदी बरोबर बोलली. पण दहाला परीक्षेचं फाटक बंद होणार होतं. बोटवाल्याने जोर वाढवला. वेग तेवढाच राहिला, पेट्रोल मात्र दुप्पट गेलं. पलीकडचा धक्का नजरेत आला, माणसं ओळखू येऊ लागली आणि इंजिन दोन आचके देऊन थांबलं.

एकच वल्हं होतं. प्रवाहापुढे ते काय पुरणार? आम्ही धक्क्यासमोरून खाली वाहत गेलो. मुलीने मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत प्रवेशपत्र धरलं होतं. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, “बाबा, कॅन का उतरवला?”

“पेट्रोल वाचणार होतं ना,” तो म्हणाला. त्याने पुन्हा वल्हं हातात घेतलं.

मासे धरणाऱ्या एका बोटीने ओढून नेलं तेव्हा पावणेअकरा झाले होते. ती धावत गेली आणि चालत परत आली.

मिस्त्री आला त्या दिवशी त्याने बोटीत वाळूच्या गोण्या भरल्या आणि मला पळवून बघितलं. मग जुना सतराचा बसवून तीच बोट पळवली. काटा मुकाट्याने साडेपाच हजारावर गेला. तो एवढंच म्हणाला, “पंखा चांगला आहे, दादा. या बोटीचा नाही.” माझी बाजू घेणारा तेवढा एकच.

बोटवाला मात्र गावभर सांगत सुटला की पंख्याने दगा दिला. नाचता येईना अंगण वाकडं. जीवरक्षकांची एक हलकी बोट आहे, दोघांपुरती, इंजिन असंच. त्यांचा माणूस मला मागायला दोनदा आला. तिथे मी सुखाने फिरलो असतो, एखाद्या बुडणाऱ्यापाशी वेळेवर पोचलो असतो. बोटवाला म्हणाला, “नाही देणार. इथेच राहू दे, लोकांना कळू दे कसला पंखा होता तो.” आणि मला कुठे टांगलं? तिकिटाच्या खिडकीत, मुलीच्या डोळ्यांसमोर. त्याला स्वतःची चूक दिसायला नको होती, म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. पण ज्या पोरीचं नुकसान झालं तिला ते रोज बघावं लागेल, हे त्याच्या ध्यानीमनी नाही.

आता खिडकीत पुस्तक नसतं. परवा एका प्रवाशाने तिला विचारलं, “हा खराब पंखा का टांगलाय?”

तिने तिकीट फाडून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “खराब नाही तो. त्याला रिकाम्या बोटीवर पास केलं होतं.”

बाप दारातच उभा होता. त्याने ऐकलं आणि तो धक्क्याकडे निघून गेला. मला खाली काढायला हात काही त्याने उचलला नाही.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. पंखा निवडाल तेव्हा चकाकी बघू नका, नंबराला भुलू नका. ज्या ओझ्याने रोज जायचं आहे, ते सगळं बोटीत चढवा आणि मग काटा काय म्हणतो ते ऐका. आणि चुकलात तर चुकलो म्हणा. मी स्टीलचा आहे, गंजायला मला फार वर्षं लागतील. पण माझ्यासमोर बसलेली ती मुलगी पुढच्या महिन्यात फक्त सव्वीस वर्षांची होईल.