गिरण चालू असताना

बँकेच्या मशीनवरची काच अंगठ्याच्या नखापेक्षा थोडीच मोठी होती. पहिल्या डब्याचं दळण होईपर्यंत ती स्वच्छ राहायची. दुसऱ्या डब्यानंतर तिच्यावर पिठाचा इतका पातळ थर बसे, की सरळ पाहिलं तर दिसत नसे, तिरकं पाहिलं तरच कळे. त्या थरावर कोणी अंगठा टेकवला की मशीन ओळख नाकारत असे, आणि पिठात मात्र अंगठ्याच्या रेषा अगदी स्वच्छ उमटलेल्या दिसत. म्हणून गिरणवालीने चष्मा पुसायचं एक मऊ फडकं मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. आधी काच पुसायची, मग समोरच्याचा अंगठा, मग पुन्हा काच.

या पुसापुशीवरूनही लोक बोलत.

"सारखी काय पुसते गं ती?" दळणाची वाट बघत बाकावर बसलेल्या एकीने विचारलं होतं.

"पुरावा," पोस्टमनकाका म्हणाले होते, आणि सगळा बाक हसला होता. पोस्टमनकाकांची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण सकाळी घरातून बाहेर पडायची सवय सुटली नव्हती. ते दळण नसतानाही गिरणीत येऊन बसत.

बँक मोठ्या गावात होती. बसने जायचं, रांगेत उभं राहायचं, जेवणाची सुट्टी झाली म्हणून थांबायचं आणि शेवटच्या बसने यायचं. पैसे काढायचे तर त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावं लागे. मग बँकेने ठरवलं की गावातल्याच कोणाकडे तरी मशीन द्यायचं. गिरण दिवसभर उघडी असते, तिथे बायका न बिचकता येतात आणि गिरणवाली बारावीपर्यंत शिकलेली, म्हणून ते तिच्याकडे आलं. पैसे भरा, काढा, ठेव ठेवा, सगळं इथेच. तिला प्रत्येक व्यवहारामागे थोडं कमिशन मिळे.

मशीनला आवाज होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कळावं म्हणून तो बँकेनेच दिलेला. अंगठा जुळला की आतली बाई ठणठणीत सांगायची: इतके काढले, इतके शिल्लक. आवाज लहान करता येई, बंद करता येत नसे. गिरण थांबलेली असली की लहान केला तरी तो बाकाच्या टोकापर्यंत पोचायचा. कोणाच्या सुनेकडे किती साठलेत, कोणाला भावाने काय पाठवलं, हे संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं.

उपाय बायकांनीच काढला. गिरण चालू असताना यायचं. पट्ट्याच्या घरघरीत मशीनमधली बाई भिंतीपलीकडे कुजबुजल्यासारखी वाटे. हातभर अंतरावर उभं राहिलं तरी शब्द लागत नसत. मग गिरणवाली काउंटरवरून वाकून आकडा कानात सांगे. पण त्यात नवी अडचण होती. मशीनमधल्या बाईचा आवाज पोचला नाही, की विश्वास ठेवायचा तो गिरणवालीच्या आवाजावर. ते सगळ्यांना जमत नव्हतं. "आधी गिरण बंद कर, मला माझ्या कानांनी ऐकू दे," असं म्हणणारेही होतेच.

"गिरण चालू ठेवलीस तर तू चोर," तिचा नवरा पट्टा सारखा करता करता म्हणायचा, "आणि बंद केलीस तर चोंबडी. निवड कर."

शाळा झाडणारी मावशी नेहमी गिरण चालू असताना यायची. सोड्याच्या पाण्याने तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या होत्या. एकदा लावून तो कधीच जुळत नसे, दोनदा, कधी तीनदा लावावा लागे. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी ती गव्हाचा डबा घेऊन येई, डबा नरसाळ्यात रिकामा करी आणि पट्टा फिरू लागला की काउंटरपाशी सरके.

"टाक बाजूला," एवढंच म्हणे.

ठरलेली रक्कम तिच्या ठेवीत जाई. मग दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा यायची, या वेळी मुलाबरोबर. मुलगा टेम्पो चालवायचा. गिरण बंद करायला सांगणाऱ्यांत तो पहिला. तो शिल्लक ऐके, मावशी घरखर्चाचे पैसे काढून त्याच्या हातात देई आणि दोघं निघून जात. ठेवीबद्दल त्याला माहीत नव्हतं. तिला पगारवाढ झाली होती, तेही माहीत नव्हतं.

मावशीला खोली हवी होती. शाळेच्या मागे पूर्वी शिपाई राहायचा ती, एका खिडकीची. मुलाच्या घरात तिचं अंथरूण बोळात होतं, टेम्पोच्या जादा टायरशेजारी.

"पहाटेपर्यंत सगळे मला ओलांडून जातात," तिने एकदा सांगितलं होतं. "कोणी मुद्दाम करत नाही गं. बोळच तसा आहे. सून वाईट नाही, पोरगाही नाही. औषध आणतो, चप्पल आणतो. म्हणून तर जीभ रेटत नाही."

"मग कधी सांगणार?"

"पुढच्या महिन्यात."

हा पुढचा महिना दोन वर्षं पुढेच सरकत होता.

एक दिवस टेम्पोवाला एकटाच आला. त्याने गिरण बंद करायला सांगितलं नाही, आत जाऊन स्वतःच बटण दाबलं. घरघर ओसरली तसे बाकावरचे सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"वहिनी, शाळेत दुसरी एक बाई आहे झाडायला. आईबरोबरच लागलेली. तिचा नवरा माझ्याबरोबर माल भरतो. तिचा पगार किती आहे, तुम्हाला ठाऊकच असेल."

"इथे येणाऱ्या सगळ्यांचंच मला ठाऊक असतं."

"मग माझ्या आईचा कमी का निघतो?"

गिरणवालीने खिळ्यावरचं फडकं हातात घेतलं. उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते तिचं नव्हतं.

"आणि तिचा अंगठा दोन-दोनदा का लावून घेता? एकदा तिच्यासाठी, एकदा तुमच्यासाठी?"

"त्यांच्या रेषा झिजल्यात. मशीन घेत नाही."

"बाकीच्यांचा बरा घेतं."

त्याचा राग अगदीच अनाठायी नव्हता. काही वर्षांपूर्वी दारोदार फिरून बचत गोळा करणारा एक गोडबोल्या त्याचे टेम्पोच्या टायरचे पैसे घेऊन पसार झाला होता. तोही आधी 'मावशी, मावशी' करत यायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

तो गेला आणि आईला घेऊन आला. मावशीने गिरणवालीकडे पाहिलं नाही.

"आई, तू पैसे दुसरीकडे कुठे टाकलेस का?"

मावशीने पदराचं टोक हातात घेतलं, सोडलं. "मला काय कळतं त्यातलं? ही सांगते तिथे मी अंगठा लावते."

बाकावर कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. पोस्टमनकाकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

टेम्पोवाल्याने बँकेत तक्रार दिली. त्या आठवड्यात गिरणीतले डबे कमी झाले. जे आले त्यांनी दळण घेतलं, पण काउंटरकडे पाठ ठेवून. कानात आकडा ऐकून जाणाऱ्या बायका आता पुन्हा बसने जायच्या गोष्टी करू लागल्या. एकीने तर आपलं पीठही घरी जाऊन मोजलं, आणि ते बरोबर भरलं, तर तिला त्याचाही संशय आला. आजवर कधी नेमकं भरलं नव्हतं.

"तीस वर्षं मनिऑर्डरी वाटल्या मी," पोस्टमनकाका म्हणाले. "एकानेही चोर म्हटलं नाही."

"तोंडावर," नवरा म्हणाला.

"तोंडावरच म्हणतोय मी." ते गिरणवालीकडे वळले. "पण पोरी, कुठेतरी पाणी मुरतंय, हे मलाही दिसतंय."

दुपारी दळण नव्हतं तेव्हा नवरा काउंटरवर टेकला. "तुला माहितीये पैसे कुठे आहेत."

"हो."

"मग सांगून मोकळी हो."

"आज हिचं सांगितलं, तर उद्या बाकीच्या कोणत्या भरवशावर येतील?"

"उद्या यायला गिरण राहिली पाहिजे ना. दळायचा दगड गुळगुळीत झालाय, टाकी लावून घ्यायचीय, त्याचे पैसे या कमिशनमधूनच यायचेत."

हे खरं होतं. आणखी एक गोष्ट खरी होती आणि ती तिला जास्त टोचत होती: मावशीच्या ठेवीवरही तिला कमिशन मिळत होतं.

ती शाळेत गेली. मुलं वर्गात होती. मावशी नळाखाली पुसायची फडकी पिळत होती.

"मावशी, आता सांगून टाका."

"सांगते. खोलीचं नक्की होऊ दे."

"तुम्ही म्हणालात, मी सांगते तिथे तुम्ही अंगठा लावता."

"तो समोर होता ना गं."

"मीही समोरच होते."

मावशीने फडकं झटकलं, दोरीवर टाकलं, त्याची टोकं नीट जुळवली.

"उद्या बँकेच्या मॅडम येतायत. मशीन परत नेतील."

"म्हणजे सगळ्यांना पुन्हा बसने जावं लागणार," मावशी म्हणाली. दुसऱ्याच कोणत्या गावातली बातमी सांगावी तसा तिचा स्वर होता.

परत येताना गिरणवालीच्या मनात जे आलं, ते आजवर आलं नव्हतं. उद्या मॅडमसमोरही ही असंच म्हणाली तर? ठेवीचं मला ठाऊक नाही, हिनेच केली असेल कमिशनसाठी. अंगठा मावशीचाच होता, पण अंगठा जुळला एवढंच मशीन सांगतं. मावशीला विचारलं होतं की नाही, हे ते सांगत नाही. गिरण चालू होती. "टाक बाजूला" हे शब्द कोणीही ऐकलेले नव्हते. दोन वर्षं ज्या घरघरीने मावशीला झाकलं, तीच आता गिरणवालीच्या गळ्याशी येत होती. आणि आपण या बाईला कितीसं ओळखतो? दळणापुरतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. शांत बोलणाऱ्या, पाठीला पिशवी. त्यांनी पंखा लावायला सांगितला, पीठ उडायला लागल्यावर बंद करायला सांगितला आणि काउंटरमागे बसून मशीन तपासू लागल्या. टेम्पोवाला दारात उभा होता. मावशी बाकावर. बाकी बाक भरलेलाच होता. दळण फक्त दोघांचं होतं.

बराच वेळ झाल्यावर मॅडमनी मान वर केली. "आजी, तुम्ही जरा आत येता का? तुमच्याशी एकटीशी बोलायचंय."

"एकटीशी का?" टेम्पोवाला पुढे आला. "जे असेल ते इथे बोला. तिला आत नेऊन काय पढवणार?"

"खातं त्यांचं आहे. त्यांच्याशिवाय कोणाला काही सांगता येत नाही मला."

"मी मुलगा आहे तिचा."

"ते दिसतंय." मॅडम मावशीकडे वळल्या. "येता का आजी?"

मावशी जागची हलली नाही.

"बघा," टेम्पोवाला म्हणाला. "घाबरलीये ती. पैसे कमी आहेत की नाहीत, एवढं तरी सांगाल?"

"आजी नको म्हणाल्या तर तेही नाही."

"म्हणजे तुम्ही सगळे एकच."

तो गिरणवालीकडे वळला. या वेळी त्याचा आवाज खाली आला होता आणि त्यामुळे त्याच्याकडे बघणं जास्त अवघड झालं. "वहिनी, चूक झाली असेल तर बोला. मी पोलिसात जाणार नाही. ती पाण्यात हात घालून कमावते हो. एवढंच सांगा, पैसे कुठे गेले?"

"बोल ना," नवरा मागून म्हणाला.

वाक्य गिरणवालीच्या जिभेवर तयार होतं. मावशी खाली बघत होती. तिच्या पायाच्या अंगठ्याने जमिनीवरच्या पिठात एक लहान गोल काढला होता आणि ती तो पुन्हा पुन्हा गिरवत होती.

"मी कोणाचं सांगत नाही," गिरणवाली म्हणाली. "तुमचंही कधी कोणाला सांगितलेलं नाही, भाऊ."

टेम्पोवाला एक पाऊल मागे सरकला. त्याचेही काही व्यवहार या काउंटरवर झालेले होते, गिरण चालू असताना.

मॅडमनी सुस्कारा सोडला. "ताई, खातेदार बोलत नाही आणि तक्रार मागे घेतली जात नाही, तोवर मशीन इथे ठेवता येणार नाही. नियम आहे. चौकशी होईल, मग बघू."

"किती दिवस?" पोस्टमनकाकांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

त्यांनी वायर काढली, ती गुंडाळायला लागल्या. मशीनवरचा हिरवा दिवा विझला. बाकावरची एक म्हातारी दुसरीला हळूच म्हणाली, "मग सोमवारची बस किती वाजता असते गं?" आणि दुसरीने सांगितलं. गिरणवालीने पिशवीचं तोंड धरून मॅडमना मदत केली. दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं.

"ठेवा ते," मावशी म्हणाली.

आवाज इतका बारीक होता, की गिरण चालू असती तर कोणाला ऐकू गेला नसता. मॅडमचे हात थांबले.

"हिने काही घेतलं नाही. पगार वाढलाय माझा. मीच बाजूला टाकायला लावत होते, दर महिन्याला. त्या दिवशी मी खोटं बोलले."

टेम्पोवाल्याला ते कळायला वेळ लागला. "बाजूला? कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"आई, काय कमी आहे तुला? औषध आणत नाही मी? हिने काही म्हटलं का घरी?"

"सुनेने काही म्हटलं नाही. तूही नाही."

"मग?"

मावशी बाकाला धरून उभी राहिली. आता ती बाकाकडे, गिरणवालीकडे, मॅडमकडे कोणाकडेच बघत नव्हती, फक्त मुलाकडे बघत होती. बाकावरचे सगळे ऐकत होते आणि त्याची तिला पर्वा दिसली नाही.

"मला वेगळं राहायचंय, बाळा," ती म्हणाली. "शाळेमागची खोली मी घेतेय. एक तारखेला मी तिकडे जाणार."